भागूबाईचा आळस

"धाकटी जाऊ काय म्हणतीय?" असं कुणी विचारलं की वच्छलाबाईचं उत्तर ठरलेलं असायचं, "काय म्हणणार, बसलीय." अठ्ठावीस वर्षं तिनं हे एकच उत्तर दिलं. गावाकडच्या बायांना दिलं, औरंगाबादेत आल्यावर गुलमंडीमागच्या गल्लीतल्या शेजारणींना दिलं, लग्नाकार्यात सोयऱ्याधायऱ्यांना दिलं. आणि ते खोटं होतं असंही नाही. भागू खरंच बसलेली असायची.

सिल्लोडच्या पलीकडं सात-आठ मैलांवर त्यांचं गाव. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलिस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी वच्छलाबाई त्या घरात थोरली सून होऊन आली. नवरा आप्पासाहेब, धाकटा दीर कडूबा, सासू सखूबाई, बरीच कोरडवाहू जमीन आणि एक विहीर. पाचेक वर्षांनी कडूबाचं लग्न झालं आणि भागू घरात आली. सोळा-सतरा वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत पोर. कापूस वेचायला गेल्या की वच्छलाबाईची एक ओटी भरेपर्यंत हिच्या दोन व्हायच्या. जात्यावर बसली की सासूच्या बोलण्याची अशी हुबेहूब नक्कल करायची, की वच्छलाबाईला हसू दाबायला पदर तोंडात कोंबावा लागे. माहेरी वच्छलाबाईला बहीण नव्हती. भागू आल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की या घरात आपलं माणूस कुणीतरी आहे. ती तीन वर्षं दोघींची फार चांगली गेली.

अठ्ठावन्न सालच्या पौषात भागू बाळंत झाली. वच्छलाबाईचा बद्रीनाथ तेव्हा पाच महिन्यांचा होता. पहाटेपासून कळा चालू होत्या, दिवस वर यायला मुलगी झाली. मुलगी चांगली रडली, पण वार पडेना. आवडाबाई म्हणून गावची जुनी सुईण होती, तिनं तिला येत होते ते सगळे उपाय केले. शेवटी वार पडली, तरी रक्त थांबेना. वच्छलाबाई उशाशी बसली होती. खालचं गोणपाट भिजलं, ते काढून दुसरं घातलं, तेही भिजलं. भागूचे ओठ पांढरेफटक पडले आणि ती हाक मारली तरी ओ देईना. कडूबानं बैलगाडी जुंपली, पण सखूबाई म्हणाली, या हालतीत हलवली तर वाटेतच जाईल. गाडी तशीच जुंपलेली दारात उभी राहिली. दुपारी कधीतरी रक्त आपोआप थांबलं. संध्याकाळी भागूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. घरातल्या सगळ्यांनी देवाला हात जोडले. वाचली, असंच सगळ्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी दूध यायला हवं होतं, आलं नाही. चौथ्या, पाचव्या दिवशीही नाही. अळीव झाले, मेथीचे लाडू झाले, शतावरी झाली. आवडाबाईनं छाती दाबून पाहिली, ती साधी जडसुद्धा झाली नव्हती. एवढ्या वर्षांत असं कधी पाहिलं नाही, असं ती म्हणाली. इकडं पोर भुकेनं टाहो फोडत होतं. वच्छलाबाईनं तिला उचललं आणि पदराखाली घेतलं. त्या दिवसापासून एका बाजूला बद्री आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी, द्वारका. दोघं तिच्याच अंगावर वाढली.

सवा महिन्यानं भागू उठली, पण जी उठली ती आधीची भागू नव्हती. सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा आहे, खाऊन-पिऊन भरून येईल. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. पाळी गेली ती गेलीच, ती पुन्हा कधी बाहेर बसली नाही. चैत्राच्या उन्हात माणसं सावली शोधायची, तेव्हा ही घोंगडी पांघरून अंगणात उन्हाला बसायची. भाकरी तव्यावर टाकली की तिच्याकडं बघत राहायची आणि भाकरी करपून जायची. काही विचारलं तर उत्तर यायला एवढा वेळ लागे, की विचारणारी कंटाळून निघून जाई. केस विरळ झाले, भुवया झडल्या, आवाज जाड आणि घोगरा झाला, तोंडावर सूज राहू लागली. त्यामुळं ती धष्टपुष्ट दिसायची. खायला जेमतेम अर्धी भाकरी, पण बघणाऱ्याला वाटे, हिला काय धाड भरलीय.

घरातलं काम मात्र कमी झालं नव्हतं. दोन पोरं, गड्यांसकट सात-आठ माणसांच्या भाकरी, विहिरीचं पाणी, शेण-सारवण, वर शेतातली खुरपणी. सगळं वच्छलाबाईच्या अंगावर आलं. पहिलं वर्षभर तिला भागूची काळजी वाटली. मग ती चिडू लागली आणि मग चिडण्याची सवयच झाली. तिचा राग अगदीच उगाच होता असं म्हणता येणार नाही. तिची कंबर त्याच वर्षांत कामातून गेली.

एकदा खुरपणीच्या दिवसांत तिनं भागूची घोंगडी ओढून अंगणात फेकली आणि दंडाला धरून तिला शेतात नेलं. भागूनं अर्धी पात कशीबशी धरली आणि ती सरीतच मटकन खाली बसली. रोजानं आलेल्या पाच-सात बाया बघत होत्या. वच्छलाबाई त्यांच्या देखत म्हणाली, "जनावरसुद्धा आपल्या पिलाला पाजतंय. हिच्याच्यानं तेवढंही झालं नाय, खुरपं काय धरणार?"

बांधावर कडूबा उभा होता. त्यानं ऐकलं. तो बांधावरून उतरून आला, भागूला उठवलं आणि घराकडं घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं पाणी तो स्वतः आणू लागला. पुढं पुढं तर भाकरीही थापायला शिकला आणि गावानं त्याला हसून घेतलं. सखूबाईनं त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायचं काढलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एक हाय की." आणि बैल सोडायला निघून गेला. नंतर तो विषय कुणी काढला नाही.

चौसष्ट साली आप्पासाहेबांना गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात नोकरी लागली. सखूबाई त्याआधीच वारली होती. वच्छलाबाईनं बिऱ्हाड शहरात हलवलं आणि शाळेसाठी म्हणून बद्रीबरोबर द्वारकालाही नेलं. द्वारका तेव्हा सहा वर्षांची होती आणि वच्छलाबाईलाच आई म्हणत होती. भागूला ती काकू म्हणायची. घरात बद्री जे म्हणायचा तेच ती म्हणायला शिकली आणि कुणी तिला बदलायला लावलं नाही. निघताना भागू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडली नाही, पोरीला नेऊ नका असं म्हणाली नाही. तिला काहीच वाटत नाही, असं वच्छलाबाईनं धरून चाललं. एसटीत बसल्यावर आप्पासाहेबांना ती तसं म्हणालीही.

दोन वर्षांनी गावात सरकारी तपासणी शिबिर झालं. तिथल्या एका डॉक्टरनं भागूला बराच वेळ तपासलं आणि कडूबाच्या हातात इंग्रजीतली चिठ्ठी दिली. हिला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, असं दोनदा बजावून सांगितलं. कडूबा दिवाळीच्या आधी चार दिवस तिला घेऊन शहरात आला. त्यानं घाटी दवाखाना कधी पाहिला नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं, बरोबर कुणीतरी हवं होतं. दुकानात दिवाळीची गर्दी, त्यामुळं आप्पासाहेबांना रजा मिळणं शक्य नव्हतं. राहिली वच्छलाबाई. तिच्या घरात चकलीची भाजणी भाजायची होती, अनारशाचं पीठ भिजत होतं, आणि कोपऱ्यात भागू आल्याआल्या भिंतीला टेकून झोपी गेली होती. तिला बघून वच्छलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"भावजी, नेऊन काय दाखवणार?" ती म्हणाली. "डॉक्टर हसतील तुम्हाला. हिला रोग नाय, सवय हाय. मी आठ वर्षं बघतीय की."

कडूबा वहिनीचा शब्द मानणारा माणूस. शिवाय त्याच्या मुलीला तिनं दूध पाजलं होतं, वाढवलं होतं, तिच्यापुढं तो कधी मान वर करून बोलला नाही. दोन दिवस राहून तो भागूला घेऊन परत गेला. चिठ्ठी फडताळातल्या डब्याखाली राहिली. काही महिन्यांनी शेगडी पेटवताना वच्छलाबाईनं हाताला लागलेल्या कागदांबरोबर तीही जाळली.

सत्त्याहत्तर साली द्वारकाचं लग्न झालं. सिल्लोडचंच स्थळ होतं. कन्यादान आप्पासाहेबांनी आणि वच्छलाबाईनं केलं. भागू मांडवाबाहेर उन्हात एका खुर्चीवर बसून होती. पोरगी पाया पडायला आली तेव्हा तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. शेवटी कुणीतरी तो बाजूला केला.

चौऱ्याऐंशीत कडूबा गेला. शेतात छातीत दुखायला लागलं आणि बांधावरच संपला. आता भागूला गावात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आप्पासाहेबांनी तिला शहरात आणलं. पुन्हा वीस वर्षांनी दोघी जावा एका छपराखाली आल्या. वच्छलाबाईनं तिला जेवायला वाढलं, कपडे धुतले, आजारी माणसाचं करावं तसं सगळं केलं आणि प्रत्येक कामाबरोबर शब्दही ऐकवले.

शहाऐंशीच्या भाद्रपदात गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. घरात सगळ्यांनाच थोडाफार त्रास झाला, दोन दिवसांत सगळे बरेही झाले. भागू मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी उठेना. वच्छलाबाईनं आधी दोन हाका मारल्या, मग बडबडत जाऊन पांघरूण ओढलं. अंग गार लागलं. श्वास चालू होता, पण अगदी बारीक. बद्रीनं रिक्षा आणली आणि दोघांनी मिळून तिला घाटीत नेलं.

तिथं तस्नीम नावाची तरुण डॉक्टरीण होती, घर शहागंजात. तिनं भागूचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, साखर तपासायला रक्त काढलं आणि लगेच सलाईन लावलं. मग ती भागूच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. भुवया पाहिल्या, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, काख पाहिली. एका साध्या जुलाबानं माणूस एवढं खाली कसं जाईल, हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. ती वच्छलाबाईकडं वळली आणि विचारलं की यांना मुलं किती.

वच्छलाबाई म्हणाली, एकच, मुलगी, अठ्ठावीस वर्षांची.

"त्या वेळी खून बहुत गेलं होतं का?"

वच्छलाबाईला आश्चर्य वाटलं. हिला कसं कळलं? तिनं गोणपाटाचं सांगितलं, जुंपून उभ्या राहिलेल्या गाडीचं सांगितलं.

डॉक्टरीण जवळ सरकली. "आणि दूध आलं होतं का अम्मा? नीट आठवून सांगा."

"दूध नाय आलं. एक थेंब नाय. मी पाजलं पोरीला."

मग प्रश्नावर प्रश्न आले. नंतर कधी पाळी आली का? थंडी फार वाजते का? झोप फार येते का? बोलणं हळू झालं का, आवाज बदलला का, केस कधीपासून गेले? उत्तरं द्यायला वच्छलाबाईपेक्षा जास्त माहिती असलेलं माणूस जगात दुसरं नव्हतं. कडूबा असता तरी त्याला एवढं सांगता आलं नसतं. चैत्रातली घोंगडी, करपलेल्या भाकरी, अर्धी पात, भिंतीला टेकून झोपणं, हे सगळं तिला तारीखवार पाठ होतं, कारण अठ्ठावीस वर्षं ती हेच चारचौघांत सांगत आली होती. ती सांगत होती आणि डॉक्टरीण कागदावर उतरवून घेत होती. अर्ध्यावर आल्यावर वच्छलाबाईच्या लक्षात आलं, की आपण तक्रार करतोय त्याच सुरात बोलतोय आणि ही बाई तक्रार लिहीत नाहीये, रोग लिहितीय. पुढची उत्तरं तिनं नुसती मान हलवून दिली.

रक्ताचे नमुने मुंबईला जायचे होते, निकाल यायला दिवस लागणार होते. पण डॉक्टरीण थांबली नाही. मोठ्या सरांना विचारून तिनं त्याच वेळी एक इंजेक्शन चालू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भागूनं डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या हातानं टेकून उठून बसली आणि म्हणाली, भूक लागलीय. वच्छलाबाईनं हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याला किती वर्षं झाली होती, तिला आठवेना.

निकाल आल्यावर तस्नीम डॉक्टरीणबाईनं वच्छलाबाईला खोलीत बोलावून समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागं, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. एवढीशी, पण अंगातल्या बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. गळ्यातल्या ग्रंथीला तिचा निरोप गेला की अंगात ऊब राहते, डोकं चालतं, हातपाय चालतात. मूत्रपिंडाच्या वर दोन ग्रंथी आहेत, त्यांना निरोप गेला की आजारात, उपासात, दगदगीत माणूस टिकून राहतं. पाळी तिच्या निरोपानं येते, दूधही तिच्याच निरोपानं येतं. पोटात बाळ असताना ती ग्रंथी फुगते, तिला रक्त जास्त लागतं. अशा वेळी बाळंतपणात खूप रक्त गेलं तर तिला रक्त पोहोचत नाही आणि ती वाळून जाते. बाई वाचते, ग्रंथी मरते.

"शेतावर पन्नास माणसं आहेत, अम्मा, सगळी धडधाकट," डॉक्टरीण म्हणाली. "पण मुकादम मेला. काम कुणी सांगायलाच नाही. मग ती बसूनच राहणार ना?"

वच्छलाबाईनं विचारलं, हे आधी कळलं असतं तर?

डॉक्टरीणबाई म्हणाली की कळलं असतं, तर या गोळ्या तेव्हाच चालू करता आल्या असत्या, निदान गेली पंधरा-वीस वर्षं तरी. ग्रंथी जे पाठवत होती ते गोळीतून द्यायचं, एवढाच इलाज आहे. आधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची गोळी, ती अंगात मुरली की मग गळ्यातल्या ग्रंथीची. हा क्रम चुकवायचा नाही आणि जन्मभर एक दिवस सोडायचा नाही. ताप आला, जुलाब झाले तर पहिली गोळी दुप्पट. वच्छलाबाई पाठ करत होती आणि तिला दिवाळीआधीचे ते दोन दिवस दिसत होते. भाजणीचा वास आला होता घरभर.

दोन महिन्यांत भागूच्या तोंडावरची सूज उतरली. खालून एक चेहरा निघाला, सुरकुतलेला, वच्छलाबाईच्या ओळखीचा. आवाज मोकळा झाला. सकाळी उठून ती अंगण झाडू लागली. एकटी शहागंजात जाऊन मेथीच्या जुड्या घेऊन आली, तेव्हा आप्पासाहेबांनी उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. केस काही परत आले नाहीत. वयही गेलं ते गेलं. पण तिला राग येऊ लागला. भाजीवालीनं वजनात मारलं तर ती भांडली. बद्रीच्या बायकोनं चहात साखर जास्त टाकली तर तिनं ते बोलून दाखवलं. वच्छलाबाईला तो राग ऐकून बरं वाटे आणि भीतीही वाटे.

ती भीती कार्तिकात एका दुपारी खरी ठरली. दोघी गच्चीवर मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. वच्छलाबाईनं मनाचा हिय्या करून चिठ्ठीची गोष्ट सांगितली. सवय हाय असं आपण म्हणालो, तेही सांगितलं. भागूनं हातातली मिरची खाली ठेवली.

"ते मी ऐकलं होतं, बाई," ती म्हणाली. "झोपले नव्हते. मला सगळंच ऐकू येत होतं, शेतातलंसुद्धा. उत्तर द्यावं वाटायचं. पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर तुम्ही उठून गेलेल्या असायच्या."

वच्छलाबाई म्हणाली, माझं चुकलं. आयुष्यात तिनं हे कुणाला म्हटलेलं नव्हतं.

"व्हय, चुकलं," भागू म्हणाली. "तुम्ही पोरगी वाचवली, ते मी इसरत नाय. पण हे बी इसरत नाय." तिनं पुन्हा मिरच्या हातात घेतल्या. "त्यांना तरी कळायला पायजे होतं. बायको आळशी नव्हती एवढं कळून गेले असते."

वच्छलाबाईनं सिल्लोडहून द्वारकाला बोलावून घेतलं आणि तिला सगळं समजावून सांगितलं. तुझ्या आईला तू नकोशी नव्हतीस, तिला आजार होता, आता तिला आई म्हण. द्वारका रडली. भागूच्या शेजारी दिवसभर बसली, तिचे उरलेले चार केस विंचरून दिले. पण निघताना तिच्या तोंडून 'काकू, येते' असंच निघालं. ती वरमली. भागू म्हणाली, राहू दे, जीभ वळंना तर वळवू नको. अठ्ठावीस वर्षांची सवय, ती बोलण्यातून जायला कुठली गोळी मिळणार होती.

पुढच्या उन्हाळ्यात भागूनं गावाकडं जायचं ठरवलं. जमीन बटईनं दिलेली होती, घर बंद होतं. आप्पासाहेबांनी नको म्हणून पाहिलं, तिनं ऐकलं नाही. तिथं मी माझ्या हातानं घर चालवलंच नाय अजून, असं ती म्हणाली. गावात तिनं घर सारवलं, परसात मिरची लावली, दोन शेळ्या घेतल्या. लोक बघायला यायचे. पाणी आणताना तिला बघून म्हातारी माणसं कडूबाची आठवण काढायची.

गोळ्या मात्र गावात मिळत नव्हत्या. ते काम वच्छलाबाईनं आपल्याकडं घेतलं. दर महिन्याला घाटीतून चिठ्ठी करून घ्यायची, गोळ्या घ्यायच्या आणि सिल्लोडच्या एसटीत बसायचं, पुढं गावापर्यंत जीप. कंबर दुखायची, बद्री म्हणायचा मी देऊन येतो, ती त्याला जाऊ देत नसे. अकरा वर्षं तिनं एकही महिना चुकवला नाही. भागू तिला जेवायला वाढायची, पाहुणीला वाढावं तसं, ताटाभोवती पाणी फिरवून. राहा मात्र एकदाही म्हणाली नाही. वच्छलाबाईनंही तिला तसं सुचवलं नाही.

जेवणं झाली की भागू सुपारी कातरत विचारायची, द्वारका चालायला लागली तेव्हा किती महिन्यांची होती. पहिला दात कुठला आला. शाळेत पहिल्या दिवशी रडली का. तिच्या समोरच हे सगळं घडलं होतं, निदान पहिली सहा वर्षं, पण ते तिच्यापर्यंत धुक्यातून आल्यासारखं आलं होतं आणि तिला ते नीट हवं होतं. वच्छलाबाई सांगायची. पहिली काही वर्षं भरपूर निघालं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही फारसं आठवत नाही. दोन पोरं आणि घरभर काम, यात बघायला वेळ होता कुणाला? बद्रीचं काय आणि द्वारकाचं काय, याची सरमिसळ झाली होती. एकदा तिनं बद्रीची गोष्ट द्वारकाच्या नावावर सांगितली. भागू ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, हे बद्रीचं असंल बाई, ती तेव्हा गोवरानं आजारी होती. वच्छलाबाईची मान खाली गेली. त्यानंतर तिनं जे खात्रीनं आठवे तेवढंच सांगितलं.

अकराव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, भागूनं एक प्रश्न विचारला. तोपर्यंत कधी विचारला नव्हता.

"तिनं मला कधी मागितलं का? म्हणजे माझ्याकडं यायचं म्हणाली का कधी?"

नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हणून काहीतरी गोड सांगणंही सोपं होतं. वच्छलाबाईनं बाहेर बांधलेल्या शेळ्यांकडं पाहिलं.

"एकदा," ती म्हणाली. "चारेक वर्षांची असंल. शेतातून भाजलेलं कणीस आणलं होतं. त्यातलं अर्धं मोडून तिनं हातात धरलं आणि म्हणाली, हे काकूला देऊन येते. मी म्हणलं, ती झोपलीय, तिला काय करायचंय, खा तूच. मग तिनं ते खाल्लं. त्यानंतर कधी नाय म्हणाली."

भागूनं सुपारी कातरणं थांबवलं. रागावली असं वाटलं नाही. तिनं नुसतं विचारलं, "कशाचं व्हतं? मक्याचं का ज्वारीचं?"

"मक्याचं."

"मक्याचं," भागू म्हणाली आणि मान हलवली. मग जीप निघायची वेळ झाली म्हणून ती उठली, गोळ्यांची पुडी फडताळात ठेवली आणि वच्छलाबाईला फाट्यापर्यंत सोडायला तिच्या बरोबर चालू लागली.